लेखनसीमा : बिनतारी यंत्राच्या आज्ञावलीची तपासणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. मी कलाशाखेचा पदवीधर. आयुष्याची तीसएक वर्षे केंद्र सरकारच्या सेवेत इतरांनी लिहिलेले कागद वाचण्यात गेलेली. तेव्हा संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत असा एखादा विषय मी घेईन, अशी आपली अपेक्षा असल्यास ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. त्याऐवजी संगणकास बिनतारी जाळ्याशी जोडणाऱ्या आज्ञावलीची तपासणी कशी होते, हा विषय कार्यक्रमपत्रिकेत छापून आला आणि एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "अहो, हा विषय आपल्या मंडळाचा कसा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रथम दिले पाहिजे.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंडळ स्थापन झाले तेव्हा गावाकडची खुशाली आंतर्देशीय पत्राने यावयाची. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, आणि दारी तार आली की उघडण्यापूर्वीच घरात धस्स होई. आज तिन्हीसांजेला आपल्या बहुतेक घरांत साताऱ्याचे, अकोल्याचे किंवा सावंतवाडीचे आजी-आजोबा फोनच्या पडद्यावर अवतरतात आणि नातवाकडून पाढे म्हणवून घेतात. हा संवाद शेकडो कोस तारेतून येतो आणि घरात शिरल्यावरचे शेवटचे दहा-वीस हात मात्र हवेतून, तारेवाचून कापतो. त्या दहा-वीस हातांवर ज्या आज्ञावलीचा अंमल चालतो ती कोणी लिहिली, हे आपणांस ठाऊक नसते. ती कोणी तपासली, हे तर आपण कधी मनातही आणीत नाही.

दुसरे कारण अधिक घरचे आहे. आपल्या मंडळातील कितीतरी मुलेमुली बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतात. रात्री आई विचारते, "आज काय काम केलेस ग?" मुलगी उत्तर देते, "आज मी काही लिहिले नाही. दिवसभर दुसऱ्याने लिहिलेले तपासत होते." आईवडील गप्प बसतात, पण मनात येतेच की, पोरीला अजून स्वतंत्र काम मिळत नाही असे दिसते. हा समज खोटा आहे, हे सांगण्यासाठीच मी आज येथे उभा आहे.

प्रथम 'ड्रायव्हर' म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या किंवा फोनच्या अंतर्भागात बिनतारी लहरी पकडणारी एक लहानशी चिप असते. संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मध्यवर्ती आज्ञावली, तिला कर्नेल म्हणतात. कर्नेलची भाषा एक आणि चिपची भाषा दुसरी. त्यातही प्रत्येक कारखान्याच्या चिपची बोली निराळी. या दोघांमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. मात्र हा दुभाषा दरबाराच्या बाहेर पायरीवर उभा राहणारा नव्हे. तो थेट गादीशेजारी बसतो, आणि कर्नेलला जे जे अधिकार असतात ते बहुतेक सारे त्यालाही असतात. साध्या आज्ञावलीत दोष असला तर ती एकटी बंद पडते. ड्रायव्हरमध्ये दोष असला तर सारे यंत्र कोलमडते, किंवा परक्याच्या हाती जाते.

मी लिनक्स नावाच्या कर्नेलचे उदाहरण घेणार आहे. हेलसिंकीच्या विद्यापीठातील लिनस टॉर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला. आज अँड्रॉइड फोनच्या मुळाशी हेच कर्नेल आहे. त्याची आज्ञावली जगजाहीर आहे. कोणीही वाचावी, कोणीही दुरुस्ती सुचवावी. सुचविलेली दुरुस्ती मात्र कोणीतरी वाचून, प्रश्न विचारून, समाधान झाल्यावरच आत घेतली जाते. या वाचण्याला आपण तपासणी म्हणू.

हा तपासणारा कशाकडे पाहतो? तांत्रिक परिभाषा बाजूस ठेवून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट क्रमाची. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. आपले तमिळ शेजारी वीस आधी म्हणतात आणि पाच मागाहून. संख्या एकच, परंतु ऐकणाऱ्याने क्रम उलटा धरला तर पंचवीसचे बावन्न होतात. संगणकांतही असेच दोन पंथ आहेत. मोठी संख्या साठविताना काही यंत्रे तिचा लहान भाग आधी ठेवतात, काही मोठा भाग. बिनतारी संदेशांची रीत या बाबतीत मराठीसारखी, लहान भाग आधी. आता गंमत अशी की, ज्या यंत्रावर लेखकाने ड्रायव्हर लिहिला त्याची रीतही तीच असली, तर क्रमांतराचा विसर पडला तरी काहीच बिघडत नाही. चाचणी उत्तम होते. दुसऱ्या पंथाच्या यंत्रावर गेल्यावर मात्र सारे आकडे विपरीत होतात. लेखकाच्या घरी जो दोष दिसूच शकत नाही, तो तपासणाऱ्याने नुसत्या वाचनाने ओळखावयाचा असतो.

दुसरी गोष्ट तत्परतेची. हवेतून संदेश आला की चिप कर्नेलच्या दारावरची घंटा वाजविते. टपालवाला दारात उभा असताना आपण पत्र घेतो, सही करतो, पत्र मेजावर ठेवतो आणि त्यास मोकळे करतो. तेथेच बसून पत्राचे उत्तर लिहावयास घेत नाही. ड्रायव्हरच्या ज्या भागाला या घंटेचे उत्तर द्यावयाचे असते, त्याने कोठेही थांबून राहावयाचे नाही, झोपावयाचे तर नाहीच. परंतु एखादे काम दिसावयास निरुपद्रवी असते आणि आतून ते क्वचित वाट पाहावयास लावते. शंभर वेळा काही होत नाही. एकशे एकाव्या वेळी यंत्र गोठून जाते. तपासणारा विचारतो, "हे काम वाट पाहावयास लावील काय? मग ते येथे का?"

तिसरी गोष्ट आवराआवरीची. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात मडक्यांची उतरंड असे. रचताना खालून वर, काढताना वरून खाली. मधलेच मडके ओढले की काय होते, ते सांगावयास नको. ड्रायव्हर सुरू होताना एकावर एक व्यवस्था लावतो: स्मृतीतील जागा मागतो, घंटा बांधून घेतो, कर्नेलच्या दप्तरी नाव नोंदवितो. चौथ्या पायरीवर अडचण आली तर आधीच्या तिन्ही व्यवस्था उलट क्रमाने मोडल्या पाहिजेत. एक राहिली तर जागा कायमची अडकते. क्रम चुकला तर नसलेल्या गोष्टीला हात घातला जातो. यशाची वाट लेखकाने पुष्कळदा चालून पाहिलेली असते. अपयशाच्या वाटा क्वचितच. म्हणून अनुभवी तपासनीस प्रथम तिकडेच वळतो.

चौथी गोष्ट कायद्याची, आणि सरकारी नोकर म्हणून मला ती विशेष भावते. आकाश सर्वांचे असले तरी त्यातील लहरी वाटेल तशा वापरता येत नाहीत. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी २००५ साली परवान्यातून मुक्त झाला. कोणत्या देशात कोणते पट्टे, किती शक्तीने वापरावेत, याचे कोष्टक लिनक्समध्ये देशवार ठेवलेले असते आणि ड्रायव्हरने ती मर्यादा पाळावयाची असते. थोडी अधिक शक्ती लावली तर संदेश दूर जाईल, हा मोह असतो. शेजाऱ्याच्या लहरींवर अतिक्रमण होणार नाही हे पाहणे, हेही तपासणाऱ्याचेच काम.

या चार गोष्टींच्या पोटात एक पाचवी आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची. ती मर्यादेची. तिच्यासाठी मी एक घडलेली हकीगत सांगतो.

रिअलटेक या नावाच्या चिपा पुष्कळ स्वस्त संगणकांत आणि जोडयंत्रांत असतात. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये एक ड्रायव्हर आहे. दोन यंत्रांनी मधल्या राउटरवाचून परस्परांशी थेट बोलावे, अशी एक सोय बिनतारी जाळ्यात असते. या सोयीत प्रमुख यंत्र वीज वाचविण्यासाठी अधूनमधून विश्रांती घेते आणि तसे इतरांना आधी कळविते. 'अमुक वेळ मी जागेवर नसेन' अशी ती सूचना. आपल्या कार्यालयातील रजेच्या अर्जासारखीच म्हणा ना! सूचनेच्या आरंभी दोन घटकांचे शीर्षक, आणि त्यानंतर प्रत्येकी तेरा घटकांची एकेक नोंद. या नोंदी उतरवून घेण्यासाठी ड्रायव्हरने आपल्या वहीत जागा राखून ठेवली होती, पण ती अगदी मोजक्याच नोंदींपुरती.

आता पाहा. सूचना आली की ड्रायव्हर तिची लांबी वाचतो, दोन वजा करतो, उरलेल्या संख्येस तेराने भाग जातो की नाही हे पाहतो, आणि भाग जात नसेल तर सूचना नाकारतो. म्हणजे तपासणी होती. व्यवस्थित, नियमानुसार होती. भाग गेला म्हणजे जितका भागाकार तितक्या नोंदी, असे धरून तो त्या वहीत उतरवू लागे. त्या नोंदी राखलेल्या जागेत मावतील काय, हे मात्र कोणी विचारले नव्हते. एखाद्याने मुद्दाम पुष्कळ नोंदींची सूचना पाठविली तर वहीचे पान संपल्यावर लेखणी मेजावर, मेजावरून शेजारच्या कागदांवर चालू लागणार. जवळपास असलेल्या कोणाही दुष्टबुद्धीच्या माणसाला, घरात पाऊल न टाकता, यंत्र बंद पाडण्याची आणि कदाचित ते ताब्यात घेण्याचीही वाट त्यातून उघडी राहिली होती.

हा दोष २०१३ पासून तेथे होता. तो २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये निको वाइझमन या सुरक्षा-अभ्यासकाने जगापुढे आणला. दुरुस्ती किती मोठी? नोंदींची संख्या ठरलेल्या कमाल संख्येपेक्षा अधिक असेल तर ती कमाल संख्येवरच रोखावी, एवढाच आशय. दोन ओळी, आणि शेजारच्या, त्याच धाटणीच्या भागात पुन्हा तशाच दोन ओळी. सहा वर्षे असंख्य यंत्रांवर जे सावट होते, ते एवढ्याने दूर झाले.

बंधुभगिनींनो, येथे मला आपल्या जुन्या दप्तरांची आठवण होते. मराठेशाहीतील पत्राच्या मस्तकी धन्याची मुद्रा असे आणि मजकूर संपला त्या ठिकाणी मोर्तब होई. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही लहानशी मुद्रा आपण पाहिली असेल. पुढील काळातील पत्रांच्या अखेरीस 'लेखनसीमा' हा शब्द येतो. हा केवळ थाट नव्हता. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढविले तर ते आमचे नव्हे, असा तो बंदोबस्त होता. परक्या हाताने आपल्या पत्रात भर घालू नये म्हणून सीमा आखावी लागते, हे आपल्या कारकुनांना साडेतीनशे वर्षांपूर्वी माहीत होते. त्या ड्रायव्हरमध्ये नेमकी लेखनसीमाच राहून गेली होती.

मग त्या ओळी कोणी तपासल्याच नव्हत्या काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पुष्कळ डोळे असले की दोष लपत नाही, अशी एक समजूत या क्षेत्रात आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. पण डोळ्यांची संख्या पुरत नाही. त्यांपैकी एखाद्या जोडीने नेमका तो प्रश्न मनात धरून ती ओळ वाचावी लागते. भागाकार बरोबर आहे ना, हे विचारणारा नियम पाहत असतो. "ही संख्या कोणाच्या हातून आली?" असे विचारणारा माणूस पाहत असतो. लांबीचा तो आकडा हवेतून आला होता. तो पाठविणारा कोण, त्याचा हेतू काय, हे जाणण्याचे साधन नव्हते. अनोळखी हातून आलेल्या आकड्यावर आपल्या वहीची किती पाने अवलंबून ठेवावयाची, एवढा एकच प्रश्न सारखा विचारीत राहणे हे बिनतारी ड्रायव्हरच्या तपासणीचे सार होय.

ही तपासणी शिस्तीने करण्याचा विचार नवा नाही. आयबीएम कंपनीतील मायकेल फॅगन यांनी १९७६ साली आज्ञावलींच्या तपासणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. चार माणसांनी बसावे, एकाने सूत्रसंचालन करावे, दोष शोधणे हाच हेतू ठेवावा आणि जे सापडेल त्यावरून लिहिणाऱ्याची लायकी ठरवू नये, असे तिचे स्वरूप होते. यातले शेवटचे कलम मला फार मोलाचे वाटते. आक्षेप कागदावर घ्यावयाचा असतो, कागद लिहिणाऱ्यावर नव्हे, हे सरकारी कचेरीतही शिकावयास वर्षे लागतात. लिनक्सच्या वर्तुळात एके काळी तिखट भाषेची ख्याती होती. २०१८ साली त्यांनी आचारसंहिता स्वीकारली. "हे चूक आहे" असे लिहिण्यापेक्षा "ही लांबी जास्तीत जास्त किती असू शकेल?" असे विचारले, तर लिहिणारा स्वतःच दोषापाशी जाऊन पोहोचतो आणि पुन्हा तेथे पडत नाही.

जबाबदारीची नोंदही तेथे चोख असते. २००४ पासून प्रत्येक दुरुस्तीखाली ती देणाऱ्याने आपल्या नावाची ओळ लिहावी, आणि ती पुढे पाठविणाऱ्यानेही आपली ओळ जोडावी, असा दंडक आहे. आमच्या नस्तीवर कारकुनापासून सचिवापर्यंत सह्या चढतात, तसेच हे. तपासणाऱ्यासाठीही निराळी ओळ आहे. तिचा अर्थ असा की, मी हे वाचले, माझ्या शंका मांडल्या, त्यांचे समाधान झाले, आणि हे स्वीकारण्यास हरकत नाही असे मला वाटते. ती निर्दोषपणाची हमी नव्हे, हेही तेथे स्पष्ट सांगितले आहे. ही नम्रता मला आवडली. आता दोष हुडकणारी स्वयंचलित साधनेही आली आहेत. ती थकत नाहीत आणि क्रमाचा, आवराआवरीचा दोष पुष्कळदा माणसाआधी पकडतात. त्यांचे साह्य अवश्य घ्यावे. पण हे काम मुळात करावयाचे की नाही, आणि ते असेच का, हा प्रश्न अजून माणसालाच विचारावा लागतो.

आणि विचारणारा माणूसच उरला नाही तर? २०२३ च्या ऑक्टोबरात लिनक्समधून बिनतारी चिपांचे अनेक जुने ड्रायव्हर काढून टाकण्यात आले. त्यांना वाली उरला नव्हता. ती यंत्रे वापरणारेही जवळजवळ संपले होते. ज्या आज्ञावलीला कोणी वाचत नाही ती ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी, असा तो निर्णय होता आणि तो योग्यच होता. पण त्यातून हेही कळते की, लिहिलेले टिकते ते वाचणाऱ्याच्या बळावर. लिहिणारे पुष्कळ मिळतात. दुसऱ्याचे मन लावून वाचणारे थोडे. लेखकाचे नाव होते. तपासणाऱ्याने जो अनर्थ टाळला तो घडतच नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

आपल्या मंडळाचेच पाहा. पन्नास वर्षांत गणेशोत्सव गाजविणारे, नाटके बसविणारे अनेक झाले आणि त्यांची छायाचित्रे या अंकात छापली आहेत, ती योग्यच आहेत. त्याच पन्नास वर्षांत दर वर्षी कोणीतरी मानद हिशेबतपासनीस मंडपवाल्याच्या पावत्यांपासून तिळगुळाच्या खर्चापर्यंत प्रत्येक आकडा पाहून खाली सही करीत आला. त्या सह्यांवर हे मंडळ उभे आहे.

तेव्हा माझे मागणे एवढेच. आपला मुलगा किंवा मुलगी "आज दिवसभर दुसऱ्याचे तपासले" असे म्हणेल तेव्हा तिला विचारा, "काही सापडले का?" तिने सांगितलेले सगळे समजले नाही तरी ऐका. संगणकाच्या शाखेत शिकणाऱ्या आपल्या तरुणांना मी सांगेन की, ही आज्ञावली उघडी आहे, ती वाचण्यास कोणाच्या शिफारसपत्राची गरज नाही. एखादा लहानसा भाग घ्या, ओळ अन् ओळ वाचा, आणि जेथे बाहेरून संख्या येते तेथे थांबून ती कोठून आली, किती मोठी असू शकेल, हे विचारा. माझ्यासारख्या कलाशाखेच्या माणसालाही एवढे विचारता येते.

दिलेली वेळ संपत आली आहे. माझीही लेखनसीमा येथेच.